शिरगोळा म्हणजे काय?

धारवेलीच्या राजाचा शब्दकोश ‘श’पाशी येऊन अडला, आणि त्याच्याबरोबर ठकूबाईचं जातंही.

शब्द होता शिरगोळा. एक पंडित म्हणाला, डोकेदुखीवरचं औषध. दुसरा म्हणाला, देवळाच्या कळसावरचा गोळा. तिसऱ्याने तर तो तोफेत घालायला काढला. आठवडाभर नुसती हमरीतुमरी. शेवटी राजा इरेला पेटला आणि त्याने दवंडी पिटवली: अर्थ ठरेपर्यंत राज्यात कुणी शिरगोळा दळायचा नाही, विकायचा नाही.

ठकूबाईचं पोटच त्यावर होतं. ते पांढरे, मऊ दगड दळायचे आणि दारोदार रांगोळी विकायची, एवढाच तिचा धंदा. ती तडक दरबारात गेली.

“महाराज, शिरगोळा म्हणजे रांगोळीचा दगड. शेंबडं पोरसुद्धा सांगेल.”

“शेंबड्या पोराचं कोशात चालत नाही,” राजा म्हणाला. “माझ्या तिन्ही पंडितांनी एका तोंडाने ‘मान्य’ म्हटलं पाहिजे. आज वार कोणता, यावरही त्यांचं अजून जमलेलं नाही. जेवणवेळेपर्यंत मुदत. नाहीतर तुझं जातं जप्त.”

“मग एवढ्यापुरता शिरगोळा दळू द्या,” ठकूबाई म्हणाली. राजाने होकारार्थी मान डोलावली.

दुपारी पंडित राजवाड्यात जेवायला आले आणि दारातच थबकले. उंबऱ्यापासून पार पाटांपर्यंत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत रांगोळी! मोर, कमळं, हत्ती. पाय टेकायला बोटभर जागा नाही. पलीकडे वरणभातावर तूप वाढून झालं होतं. एकाने उडी मारायचं मनात आणलं, पण स्वतःच्या पोटाकडे बघून बेत सोडला.

राजा आला. त्यानेही उचललेला पाय मागे घेतला.

“पुसा रे ही.”

“पानापुढची रांगोळी, महाराज? जेवणाआधी?” आचाऱ्याने कानाला हात लावले. “मला नाही व्हायचं ते पाप.”

भात निवायला लागला. पंडितांचे चेहरे बघवेनात.

ठकूबाई दाराशीच उभी होती. “ठकूबाई, वाट दे,” राजा म्हणाला.

“देते की. काढणारीने पुसली तर चालतं. आधी कोशात लिहा. शिरगोळा: वाटेत पडला तर कुणीही तुडवावा आणि दळला तर राजालाही उपाशी उभं करील, असा दगड. पंडितजी, मान्य?”

“मान्य!” तिघेही एका दमात ओरडले.

राजा हसता हसता दाराच्या चौकटीलाच टेकला. त्याने शिरगोळ्याची अख्खी टेकडी ठकूबाईच्या नावे करून दिली, आणि तिचं पान आपल्या शेजारी मांडायला सांगितलं.