दुसऱ्या फळीवरचा गूळ

“फाइल मला दिसते, सर. मग डेटाबेसला का दिसत नाही?”

शार्दूलनं हे विचारलं तेव्हा आमचा जोडीचा नमस्कार अजून पुरता झालाही नव्हता. लग्नानंतर सरांच्या पाया पडायला आलो होतो. हा अर्धा वाकलेला, काखेत लॅपटॉप.

हेंद्रे सरांनी त्याला पॉलिटेक्निकात प्रोग्रॅमिंग शिकवलं होतं. आता निवृत्त झालेत, एकटेच राहतात.

“आशीर्वाद आधी घेतोस की नंतर?”

“नंतर.”

सर माझ्याकडे बघून हसले. मीही हसले, जरा जपून. लग्नाला तेवीसच दिवस झाले होते.

काम रक्तपेढीचं होतं. चाळीस हजार रक्तदात्यांची यादी एका फाइलमध्ये. शार्दूलच्या प्रोग्रॅमनं डेटाबेसला सांगायचं, अमुक फोल्डरमधली फाइल उचल आणि सगळी नावं एका दमात भरून घे. डेटाबेस तालुक्याला, रक्तपेढीच्या सर्व्हरवर. चार दिवस त्याचं एकच उत्तर : फाइल सापडत नाही.

“नाव तपासलं, सर. एकेक स्वल्पविराम तपासला. इथे क्लिक केलं की उघडते. ही बघा!”

“बघितली.”

“म्हणजे घोळ तिकडचाच. नलिनीताई म्हणून एक बाई तो सर्व्हर सांभाळतात. त्यांच्या साहेबांना तक्रार लिहिलीय मी. नोकरी कंत्राटी आहे त्यांची, जाईलही… पण माझा इलाज नाही.”

“पाठवलीस?”

“तुम्हाला दाखवून पाठवणार होतो.”

सर माझ्याकडे वळले.

“पोरी, गुळाचा चहा येतो का तुला?”

“येतो.”

“माहेरी गूळ कुठे ठेवता?”

“देवघराशेजारच्या फडताळात. दुसऱ्या फळीवर.”

“छान. जा, तिथून घेऊन ये.”

मी आत गेले. मोठ्यांनी सांगितलं की आधी उठायचं, प्रश्न नंतर, एवढं तेवीस दिवसांत शिकले होते. देवघर होतं. शेजारी फडताळही होतं. दुसऱ्या फळीवर फिनेलची बाटली आणि जुन्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा.

“सर, तिथे गूळ नाही.”

“ऐकलंस, शार्दूलराव? हिची तक्रार कुणाकडे करायची? हिच्या वडिलांकडे?”

“तिची काय चूक, सर? पत्ता तिच्या माहेरचा, आणि शोधतेय ती तुमच्या…”

शार्दूल थांबला.

त्यानं लॅपटॉपकडे बघितलं. फोल्डरचा पत्ता या लॅपटॉपमधला होता. शोधणारा बसला होता तालुक्याला, आणि तो बघणार ते स्वतःच्याच फडताळात.

त्यानं नलिनीताईंचा सोमवारचा मेल उघडला. एकच ओळ होती : ‘फाइल आधी आमच्या सर्व्हरवर ठेवा आणि तिथला पत्ता द्या.’

“वाचला नव्हतास?” मी विचारलं.

“वाचला होता… म्हटलं, यांना काय कळतंय.”

त्यानं तक्रार पुसून टाकली. कान लाल झाले होते.

रोज सकाळी सासूबाईंच्या स्वयंपाकघरात मी काही शोधत असले की हा बाहेरून ओरडतो, “अगं, समोरच तर आहे!” ते मी काढलं नाही. नुसतं त्याच्याकडे बघितलं. त्यानं मान खाली घातली, आणि ती खाली गेलीच होती म्हणून असेल, सरांच्या पायांवर पुरता वाकला.

सरांनी त्याच्या डोक्यात हलकी टपली मारली.

“पण सर, चहाचं काय?” मी म्हणाले. “तुमच्याकडे गूळ असतो तरी कुठे?”

सरांनी खुर्चीखालची पिशवी ओढली. आत वर्तमानपत्रात बांधलेली गुळाची ढेप होती, सकाळच्या बाजारातली. ती त्यांनी माझ्या ओंजळीत ठेवली.

“तुला वाटेल तिथे ठेव,” ते म्हणाले, “आणि मग मला सांग, कुठे ठेवलास.”