सावली आखडली

माणसांनी घड्याळं बनवण्याच्या कितीतरी आधी एका डोंगरपठारावर गव्यांचा कळप राहत होता. त्या वर्षी कधी नव्हे इतकी थंडी पडली. सूर्यही रोज थोडा थोडा दक्षिणेकडे सरकू लागला.

"सूर्य आपल्याला सोडून चालला," कळपाचा म्होरक्या म्हणाला. "उद्याच नदी ओलांडून त्याच्यामागे जायचं."

त्या गारठलेल्या पाण्यात वासरं तगणार नाहीत, हे आयांना कळत होतं. पण बोलायची कुणाची हिंमत होईना.

तेव्हा खडकावर ऊन खात बसलेली सापसुरळी म्हणाली, "दादा, सूर्य कुठेही जात नाही. आपली पृथ्वीच कललेली आहे आणि तशीच त्याच्याभोवती फिरते. सध्या आपली बाजू त्याच्यापासून दूर कलली आहे. फेरी पुढे सरकली की ऊन परत येईल. या पळसाची दुपारची सावली आखडेपर्यंत थांबा."

"आणि नाही आखडली तर?"

"तर सगळ्यांच्या आधी मी पाण्यात उतरेन."

तिने सावलीच्या टोकाशी एक खडा ठेवला. दुसऱ्या दुपारी सावली खड्याच्या पुढे गेली. तिने खडा पुढे ढकलला. असं रोजच होऊ लागलं. गवे चिडले, पण सापसुरळी हटली नाही. मग सावली काही दिवस एकाच जागी थबकली आणि एका दुपारी खडा उन्हात लख्ख चमकला. सावली त्याच्या अलीकडेच थांबली होती!

म्होरक्याने मान झुकवून सापसुरळीला शिंगावर घेतलं आणि तो पठारभर दौडत सुटला. त्याच्यामागे वासरं ओरडत उधळली, "फिरली! आपली पृथ्वी फिरली!"