बाभळीच्या पाचरी आणि घणाचा घाव

फार पूर्वी एका काळ्या डोंगराच्या पायथ्याशी दोन जावा राहत. दोघीही दगड फोडत. थोरलीच्या घणाचा गावात दरारा होता. धाकटी मात्र आधी दगडावर टकटक करून कान लावायची.

एकदा एका म्हाताऱ्या पंडिताला त्या डोंगरात एका प्रचंड प्राण्याची कवटी दिसली. हजारो वर्षांत ती दगड झाली होती आणि खडकात घट्ट रुतली होती. पंडित म्हणाला, "असा प्राणी कुणी पाहिलेला नाही. कवटी अखंड निघाली, तरच तो कसा होता ते कळेल." आणि त्याने काम धाकटीला दिलं.

थोरलीच्या पोटात दुखू लागलं.

धाकटीने कवटीपासून हातभर लांब ओळीने भोकं पाडली, त्यांत बाभळीच्या वाळक्या पाचरी ठोकल्या आणि वर पाणी ओतत बसली.

"लाकूड फुगलं की खडक आपोआप उकलेल, जाऊबाई."

"आणि तोवर आपण काय, पापड लाटायचे?" थोरली म्हणाली.

तिसऱ्या दिवशी भोकांच्या ओळीत केसाएवढी चीर दिसली. धाकटी आनंदाने घागर घेऊन ओढ्यावर गेली. थोरली चिरेकडे बघत राहिली. आता गावभर हिचंच नाव होणार. एक घाव घातला, तर खडक माझ्या हातून फुटेल.

तिने घण उचलला आणि घातला. खडक फुटला. पण चीर ओळ सोडून आडवी धावली आणि कवटीतून आरपार गेली.

पंडित धावत आला, मागोमाग घागर घेऊन धाकटीही. थोरली म्हणाली, "हिची ओळच चुकली."

पंडिताने फुटलेल्या कडेवरून बोट फिरवलं. तिथे पिठासारखा पांढरा डाग होता.

"पाण्याने फुगलेलं लाकूड असा डाग पाडत नाही," तो म्हणाला. "हा घणाचा आहे."

थोरलीची मान खाली गेली. "मला हिचं काम बिघडवायचं नव्हतं. नाव तेवढं माझं व्हावं, एवढंच वाटलं."

तिने दोन्ही तुकडे उचलून एकमेकांना लावून पाहिले. जबडा जुळला, कपाळ जुळलं. डोळ्याच्या जागी मात्र नुसता भुगा होता. तो प्राणी जगाकडे कशा डोळ्यांनी बघत होता, ते आता कुणालाच कधी कळणार नव्हतं.

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: दुसऱ्याचं नाव पुसायला घातलेला घाव कुठवर जाईल, ते घालणाऱ्याच्या हातात राहत नाही.