पुरात आलेल्यांची तबिथामाय

गोदावरीवर पूल नव्हता, पलीकडे जायचे तर भोपळ्यांच्या सांगडीवाचून उपाय नव्हता, आणि तालुक्याचे गाव ज्याने पाहिले असेल त्याला लोक मोठा फिरलेला माणूस समजत, त्या दिवसांतली ही हकिगत आहे. शेलवळणला ती अजून सांगतात. सांगणारी तोंडे बदलतात. तबिथामाय बदलत नाही.

शेलवळण हे गाव नदीच्या ऐन वळणावर वसलेले आहे. तिथे पाण्याचा ओघ काठाला येऊन टेकतो आणि मंदावतो. त्यामुळे पुराने वरच्या गावांतून जे जे ओढून आणलेले असेल, ते तिथल्या बाभळींना अडकून राहते. ओंडके येत, छपरे येत, दाव्यासकट जनावरे येत. माणसेही येत. अशाच एका आषाढात, लुगड्याच्या पट्टीने ओंडक्याला बांधलेली दोन-अडीच वर्षांची एक मुलगी आली, आणि ती जिवंत होती.

सारे गाव काठावर जमले. पण पाण्यात उतरायला कोणी पुढे होईना. पाण्याची भीती होती असे नव्हे. मुलगी कोणाची, हे ठाऊक नव्हते. कोणाची म्हणजे कोणत्या जातीची, हे त्या काळी वेगळे सांगावे लागत नसे. पाटील म्हणाले, आधी वरच्या गावांत चौकशी करू, मग शिवू. चौकशी होईपर्यंत पोर ओंडक्यावर रडत राहिली असती. परंतु सांगड चालवणारा सटवाजी कोळी पाण्यात शिरला आणि तिला खांद्यावर टाकून घेऊन आला. सटवाजीला थोडे कमी ऐकू येई. पाटलांचे बोलणे आपल्याला ऐकूच आले नाही, असे तो पुढे जन्मभर सांगत राहिला.

चौकशीतून काही निष्पन्न झाले नाही. वरची कितीतरी घरे त्या पुरात धुऊन गेली होती. सांगायला माणूस उरला नव्हता. मुलगी सटवाजीच्या झोपडीत वाढली. लोक तिला पुरातली म्हणत, आणि तेच तिचे नाव झाले. सटवाजीने तिला पोटच्या मुलीसारखे वागवले, पण त्याच्या भाऊबंदांनी तिला कधी पंक्तीला घेतले नाही. महारवाड्यातही तिला कोणी जवळ केले नाही. ती उद्या वरच्या जातीची निघाली तर बालंट आपल्यावर येईल, ही त्यांची भीती खोटी नव्हती.

सुकलेले भोपळे दोरखंडाने एकत्र बांधायचे, त्यांवर बांबूंचा ताटवा टाकायचा, की झाली सांगड. ती पुढे ढकलत पोहत कशी न्यावी, ओघ कुठे तिरका कापावा, हे सर्व सटवाजीने तिला शिकवले. सांगडीवर बसलेली बाजाराची माणसे पहिला प्रश्न ठरलेला विचारीत.

"कुणाची गं तू?"

"नदीची," ती म्हणे. सटवाजीने तिला तसेच सांगायला शिकवले होते.

"मग तुझं सासर समुद्रातच बघावं लागंल की गं."

सांगड हसे. लहानपणी तीही हसत असे. पुढे वय वाढले, बरोबरीच्या मुली एकेक करून सासरी गेल्या, आणि मग तिचे हसणे थांबले. ज्या मुलीचे कूळ ठाऊक नाही, तिच्यासाठी स्थळ कोण आणणार?

सटवाजी वारला तेव्हा त्याचे पुतणे आले. ते चांगले वागले. सर्व क्रिया रीतीप्रमाणे केल्या. फक्त तिरडीला तिचा हात लागू दिला नाही. ती प्रेतयात्रेच्या मागे, हाकेच्या अंतरावर चालत गेली, आणि लोक परतले तरी मसणवाटीच्या कुंपणापाशी उभी राहिली. आपण मेलो तर आपल्याला उचलणार कोण, हा विचार त्या दिवशी तिच्या मनात शिरला तो पुन्हा बाहेर पडला नाही, असे सांगतात.

त्यानंतर सांगड ती एकटीच चालवू लागली. माणसे तिच्या सांगडीवर बसत, कारण दुसरी सांगड नव्हती. तिच्या हातचे पाणी मात्र कोणी पीत नसे.

दर रविवारी पलीकडच्या गावी जायला थोमाजी मास्तर येत. ते ख्रिस्ती उपदेशक होते. शेलवळणच्या महारवाड्यातल्या काही घरांनी प्रभूचा स्वीकार केला होता, त्यांची एक लहानशी मंडळी लिंबाच्या झाडाखाली भरे. मास्तर कितीदा तरी सांगडीवर बसले, पण तू कोणाची, हे त्यांनी कधी विचारले नाही. तिला आधी ते नवल वाटले आणि मग त्याचा राग आला. आपल्याविषयी विचारावे एवढेही या माणसाला वाटत नाही की काय? एके दिवशी भर नदीत तिनेच विषय काढला.

मास्तर म्हणाले, ज्याने ही नदी केली, त्याने तुलाही केले. त्याला तू नावानिशी ठाऊक आहेस, आणि तू त्याची आहेस, असे शास्त्रात लिहिलेले आहे. तू पाण्यातून आलीस तेव्हाही तो तुझ्याजवळ होता.

तिने सांगड ओघातून तिरकी काढली आणि म्हणाली, "त्याला माझी जात ठाऊक आहे?"

"आहे."

"मग सांगत का नाही?"

"सगळे ठाऊक असून त्याने कधी कुणाची जात विचारली नाही, बाई. म्हणून सांगतही नाही."

हे उत्तर तिने पुष्कळ दिवस मनात घोळवले. अखेरीस ज्या बाभळींपाशी ती वाहत आली होती, तिथेच गुडघाभर पाण्यात तिचा बाप्तिस्मा झाला. मास्तरांनी तिचे नाव तबिथा ठेवले.

आता आपल्याला माणसे मिळाली, असे तिला वाटले. परंतु माणसे लवकर बदलत नाहीत. लिंबाखाली चटई टाकली की मंडळीतल्या बायका तिला प्रेमाने या म्हणत, आणि बसताना मधे हातभर जागा सोडीत. ही पूर्वीची कोणाची असेल, ही शंका त्यांच्याही मनातून गेली नव्हती. तबिथा चटईच्या कडेला बसे. गीते म्हणे, प्रार्थना करी, आणि झोपडीत परतली की एकटीच भाकरी थापी. नाव मिळाले होते. त्या नावाने हाक मारणारे घरात कोणी नव्हते.

अशी वर्षे गेली, आणि एका उन्हाळ्यात वरच्या अंगाच्या एका दूरच्या गावची मथुराबाई सांगडीशी आली. घर मोठे, शेतीवाडी भरपूर. तिची एकुलती एक मुलगी त्याच आषाढातल्या पुरात वाहून गेली होती, आणि ती बाई तेव्हापासून काठाकाठाने गावे पालथी घालीत होती. तबिथाचे वय तिने विचारले, ओंडक्याची हकिगत ऐकली, आणि वाळूत मटकन खाली बसली.

"माझी सोना," ती म्हणाली. "आता कुठं नाही जायचं."

तबिथाला आजवर कोणी उराशी धरले नव्हते. सटवाजी डोक्यावर हात ठेवी, तेवढेच. मथुराबाईने तिला कवटाळले तेव्हा हात कुठे ठेवावेत हेही तिला कळेना.

बातमी गावात पसरली. पाटलांनी तिला ओसरीवर बसायला घोंगडे टाकले. ज्यांनी तिच्या हातचे पाणी कधी घेतले नव्हते, त्या बायका हळदीकुंकवाला बोलावू लागल्या. मथुराबाईने सांगितले की अमावास्या सरली की छकडा घेऊन येते आणि तुला घरी नेते. घरच्या वडीलधाऱ्यांच्या दोन गोष्टी तेवढ्या पाळाव्या लागतील. प्रायश्चित्त घेऊन तो धर्म आणि ते नाव सोडायचे. आणि सोनाच्या डाव्या खांद्यावर लहानपणी बिब्बा घातल्याचा डाग होता, तो दिरांना दाखवायचा.

"मला बघायचा नाही," ती घाईने म्हणाली. "मी ओळखलंय. पण ते बघतील."

तबिथाच्या खांद्यावर डाग नव्हता. हे तिच्याखेरीज साऱ्या जगात कोणाला ठाऊक नव्हते.

बिब्बा कोणत्याही घरात असतो. तो सुईला टोचून दिव्यावर धरला की त्याचे तेल सुटते. ते कातडीवर टेकवले की फोड येतो, आणि फोड बरा झाला की जन्मभराचा काळा डाग राहतो. अमावास्येला अजून अवकाश होता. तबिथाने बाजारातून एक बिब्बा आणला. एका दुपारी झोपडीचे दार लावून तिने दिवा पेटवला, खांदा उघडा केला, आणि सुई ज्योतीवर धरली.

तेल सुटले. आता फक्त हात मागे न्यायचा होता. मग घर होते, आई होती, तिरडीला खांदा द्यायला चुलते होते. तिने डोळे मिटले, आणि तिला ती दुसरी मुलगी दिसली, असे सांगतात. खांद्यावर खरा डाग असलेली, कुठल्या तरी काठावर, कुठल्या तरी परक्या घरी, किंवा गाळाखाली. हिने तिची जागा घेतली की तिला शोधणारे एकमेव माणूस शोधायचे थांबणार होते. आणि सोना म्हणून आपण त्या घरात गेलो, तर ज्याने आपल्याला नावानिशी ओळखले, त्याने मग हाक कोणाला मारायची? तबिथा तर कुठेच उरणार नाही. त्याला ठाऊक असलेली तबिथा टाकून द्यावी, इतकी का ती हलकी होती?

बिब्ब्याचे तेल मातीवर ठिबकले. तिने सुई बाजूला ठेवली आणि फुंकर मारून दिवा विझवला. पुढे ती जमिनीवर पडून खूप रडली. निर्णय योग्य होता म्हणून रडू थोडेच थांबते?

छकडा आला. गाव जमले. तबिथाने सर्वांसमोर पदर सारून डावा खांदा उघडा केला आणि मथुराबाईकडे पाठ केली. खांदा स्वच्छ होता.

मथुराबाईने पाहिले नाही. तिने मान फिरवली, हात लांबवून चाचपडत आपला पदर त्या खांद्यावर टाकला, आणि अगदी हळू म्हणाली, "झाक. कशाला दाखवतेस? डाग पुसला असंल. मी म्हणते ना, तू माझी."

"आई," तबिथा म्हणाली, आणि हा शब्द तिने आयुष्यात प्रथमच उच्चारला. "तुमची सोना अजून कुठेतरी असेल. मी आले तर तिची वाट कोण पाहील? मी कोणाची आहे, ते मला सांगून झालंय. मला दुसरी होता येणार नाही."

मथुराबाईने तिचा चेहरा दोन्ही हातांत घेतला, खूप वेळ पाहिला, आणि छकड्यात बसली. ती पुन्हा त्या काठाला आली नाही.

गावाने तिला वेडी ठरवले. पाटलांचे घोंगडे गुंडाळले गेले, हळदीकुंकू थांबले. लिंबाखाली ती पूर्वीसारखीच चटईच्या कडेला बसे. पण ती कडा आता तिला परकी वाटत नव्हती. "कुणाची गं तू?" असे कोणी विचारले तर ती म्हणे, "ज्यानं नदी केली त्याची." सांगड हसली तरी तिचा स्वर हलत नसे.

त्यानंतर कधीतरी तो मोठा पूर आला. पाणी मारुतीच्या पारापर्यंत चढले, आणि बाभळींना माणसे अडकू लागली. त्यांत जिवंत कोणी नव्हते. गाव पुन्हा काठावर उभे राहिले, आणि पुन्हा तोच प्रश्न उभा राहिला. कोणाची प्रेते? हात कोणी लावायचा? कोल्ह्याकुत्र्यांनी ओढली तरी चालतील, पण न कळत शिवाशिव नको.

तबिथाने सांगड पाण्यात लोटली. त्या ओघात हत्ती टिकला नसता. परंतु ती ज्या वाटेने जाई, तेवढ्या वाटेवरचे पाणी संथ होई, आणि भोपळे तळ्यातल्या कमळांसारखे स्थिर राहत, असे सांगतात. तिने पहिले प्रेत काठाला आणले तेव्हा पाटील वरून म्हणाले, "चौकशी झाल्याबिगर हात लावू नको. कुणाचं आहे ते?"

"माझं, पाटीलबाबा."

दुसरे आणले. "आणि हे?"

"हेही माझंच."

म्हातारा आला, बाळंतीण आली, गळ्यात जानवे असलेला एक तरुण आला, पायात पैंजण असलेली पोर आली. प्रत्येक वेळी ती तेच सांगत राहिली, आणि कधीतरी पाटील विचारायचे थांबले. तिने त्या सर्वांना न्हाऊ घातले. आपली लुगडी फाडली, गोधड्या उसवल्या आणि त्यांना कापड केले. झोपडीमागच्या उंचवट्यावर तिने एकटीने खड्डे खणले. कोणाचे कोणते मंत्र हे तिला ठाऊक नव्हते. म्हणून माती लोटण्यापूर्वी ती प्रत्येकाच्या कानाशी वाकून एवढेच सांगे, की देवाला तू ठाऊक आहेस, तू त्याचा आहेस. थोमाजी मास्तर फावडे घेऊन आले तेव्हा निम्मे काम झालेले होते. त्यांच्यामागून मंडळीतल्या बायका आल्या. त्या दिवशी हातभर जागा सोडायची आठवण कोणाला राहिली नाही.

पुढे प्रत्येक पुरात ती हे करीत राहिली. केस पांढरे झाले, लोक तिला तबिथामाय म्हणू लागले. तरी झोपडीत ती एकटीच असे. एका श्रावणात, नदी दुथडी भरलेली असताना, ती झोपेतच गेली. पाऊस असा कोसळत होता की मंडळीतली जाणती माणसे पलीकडच्या काठावर अडकली होती. मास्तर तर केव्हाच प्रभूजवळ गेले होते. म्हाताऱ्या बायका खाटेभोवती बसून राहिल्या, आणि खाट उचलायला कोणी नव्हते.

तेव्हा नदीकडून चार माणसे आली, असे सांगतात. त्यांच्या अंगावरची कापडे जुनी होती आणि ठिबकत होती. त्यांतल्या एकाच्या गळ्यात जानवे होते. चौघांनी खाटेच्या चार पायांना खांदा दिला आणि उंचवट्याची वाट धरली, जणू ती त्यांची रोजची वाट होती. पाटील तेव्हा अगदी थकले होते, ते काठी टेकत दाराशी आले आणि सवयीने म्हणाले, "कोण हो तुम्ही? कुणाचे..." आणि त्यांनी बोलणे तिथेच थांबवले. मग त्यांनी पागोटे काढून हातात घेतले आणि ते त्या खाटेमागून चालू लागले. मूठमाती झाली, आणि वळून पाहतात तो चौघे नव्हते. ओल्या पावलांचे ठसे मात्र पाण्यापर्यंत गेलेले होते.

वरच्या अंगाला धरणे झाली आणि आता नदी माणसे आणीत नाही. पण शेलवळणने रीत सोडलेली नाही. तालुक्याच्या दवाखान्यात एखादे प्रेत दावेदारावाचून पडून राहिले, की तिथली माणसे शेलवळणला निरोप धाडतात. ज्या घराची पाळी असेल, ते घर जाते. मग ते मंडळीतले असो, कोळ्यांचे असो की पाटलांचे. गेल्या हिवाळ्यात पाटलांची नातसून गेली होती. हवालदाराने नाते विचारले तेव्हा तिने पदर सावरला आणि सांगितले, "घरचंच माणूस आहे." उंचवट्यावर माती दिली, की त्या घरी त्या संध्याकाळी चूल पेटवीत नाहीत. शेजारणी भाकरी आणि पिठले आणून ठेवतात, आणि ज्याचे नाव कधी कळणार नाही त्या माणसासाठी घरातली लहानथोर माणसे सुतकात बसून ती मुकाट्याने खातात.