वर सरकवलेला दगड

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते मला विचारू नका. त्या काळी कासवं माणसांशी बोलायची आणि माणसं त्यांना उत्तरं द्यायची, एवढी जुनी समजा. उत्तरं द्यायची म्हणजे ऐकून घ्यायचीच असं नाही, ते पुढे कळेल.

एका खाडीच्या तोंडाशी एक गाव होतं. पाठीशी टेकडी, पुढ्यात समुद्र, आणि दोहोंच्या मध्ये तिवराचं दाट रान. तिवर म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणारं झाड. दिसायला काही देखणं नाही, फुलं डोक्यात माळण्याजोगी नाहीत. पण त्याची मुळं चिखल धरून ठेवतात, लाटेचा जोर मोडतात आणि कोळंबीच्या पिलांना आसरा देतात. गावची माणसं मासे धरायची, शिंपले वेचायची, ते भट्टीत भाजून चुना करायची. भट्टीला लाकूड लागायचं ते तिवराखाली वाळून पडलेलं.

ज्या माणसानं हे गाव वसवलं, त्यानं किनाऱ्यावर कमरेएवढा एक काळा दगड रोवला होता. रोवताना तो समुद्राला म्हणाला होता, "दर्या, तू या दगडापाशी थांब. आम्ही तुझ्या तिवराच्या उभ्या झाडाला हात लावणार नाही. ज्या वर्षी तुझं पाणी हा दगड ओलांडील, त्या वर्षी आमचं काहीतरी चुकलं असं आम्ही समजू. भट्ट्या विझवू आणि तिवर लावू."

समुद्र काही बोलला नाही, पण थांबला.

तेव्हापासून गावात एक रीत पडली. भादव्यातल्या पुनवेला भर दुपारी मोठं उधाण यायचं. सारं गाव किनाऱ्यावर जमायचं. दगडाचा एक मानकरी असायचा, बापाकडून मुलाकडे आलेला मान. तो दगडापाशी उभा राहून पाणी बघायचा आणि मोठ्यानं म्हणायचा, "दर्या थांबला." मग ढोल वाजायचे, नारळीभाताच्या पंगती उठायच्या. मानकऱ्यानं म्हटल्याशिवाय पानावर कोणी बसत नसे.

आपल्या गोष्टीतला मानकरी भला माणूस होता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे तुम्हाला त्याचा राग येणार आहे. बायको लवकर गेली, म्हणून त्यानं आवडी नावाच्या आपल्या एकुलत्या एक लेकीला एकट्यानं वाढवलं. तिचं लग्न गावातच करून दिलं आणि किनाऱ्याजवळ तिला घर बांधून दिलं. त्या घराच्या अंगणात विहीर होती. समुद्र हाकेच्या अंतरावर, आणि विहिरीचं पाणी नारळासारखं गोड. खालची सगळी आळी तिथेच पाणी भरायची. मानकरी रोज दुपारी लेकीकडे जायचा, तिच्या हातून तांब्याभर पाणी प्यायचा, पुढे नात झाल्यावर तिला मांडीवर घ्यायचा आणि तिथेच घटकाभर डोळे मिटायचा. त्याच्या सुखाची एवढीच काय ती जागा होती.

मग त्या मुलखाच्या राजाला पांढरं शहर बांधायची हौस आली. पांढरे वाडे, पांढरे बुरूज, पांढरे रस्तेसुद्धा. किनाऱ्यावरच्या गावागावांत दवंडी पिटली गेली, जेवढा चुना कराल तेवढा राजा घेईल. झालं, गावोगाव भट्ट्या वाढल्या. वाळकं लाकूड केव्हाच संपलं आणि उभ्या तिवरावर कुऱ्हाडी पडू लागल्या. भट्ट्या दिवसरात्र धुमसायच्या. राजाचं शहर पांढरं होत गेलं आणि आभाळ काळवंडत गेलं.

गोधडीखाली ऊब साठते हे काही मी तुम्हाला शिकवायला नको. थंडीत बरं वाटतं, वैशाखात पांघरून बघा. त्या मुलखावर धुराची तशी गोधडी चढली होती आणि ती काढायचं कोणाच्याच मनात नव्हतं. मृगात पाऊस येईना, आला तर भात कापायच्या वेळी आला. आंब्याचा मोहोर झाडावरच करपला. बांगडा थंड पाणी शोधत दूर निघून गेला आणि होड्या रिकाम्या येऊ लागल्या.

आणि एका भादव्यात दगड पाण्याखाली गेला.

मानकऱ्याच्या तोंडून शब्द फुटेना. तेव्हा गावाचा मुखिया त्याच्या कानाशी लागला. "मानकरी, जरा दमानं घ्या. राजाचं काम अर्ध्यावर आहे. आता भट्ट्या विझवल्या तर पोरांना खायला काय घालायचं? मासळी तर नाहीच. आणि मी म्हणतो, आपल्या चार भट्ट्यांनी कुठे समुद्र फुगतो का? शेजारच्या गावात बघा, आपल्या दुप्पट आहेत."

शेजारच्या गावातही तेव्हा कोणीतरी हेच म्हणत होतं, ते वेगळं.

"मग मी म्हणू काय?" मानकऱ्यानं विचारलं.

"काही नको. दगड थोडा वर घेऊ. दगडाला उंच जागेचा मान द्यायचा म्हणू. यंदाची वेळ निभावून जाईल."

मानकऱ्यानं लेकीच्या घराकडे पाहिलं. जावई भट्टीवरच कामाला आहे हे आठवून त्यानं मान हलवली. ओहोटी लागल्यावर गावकऱ्यांनी दगड उपटला, फुलं वाहून खांद्यावर घेतला आणि वर नेऊन रोवला. मानकरी म्हणाला, "दर्या थांबला." पंगती बसल्या. त्या वर्षी भाताला चव आली नाही, असं पुष्कळांना वाटलं, पण बोललं कोणी नाही.

एकदा जमलं की माणसाला पुढे जड जात नाही. पाणी चढलं की दगड चढायचा. आधीआधी लोक खाली बघत न्यायचे, मग त्याचीही मिरवणूक झाली. पुढे जन्मलेल्या मुलांना तर दगड मिरवायचा हाच सण वाटू लागला. दगड कधी एका जागी रोवलेला होता, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

त्या किनाऱ्यावर एक म्हातारी कासवी अंडी घालायला यायची. तिचा जन्म त्या दगडाच्या पायथ्याशी झालेला. एका वर्षी थंडी सरताना, सकाळच्या उन्हात ती मानकऱ्याला भेटली. दमून गेली होती.

"काय रे, माझा दगड कुठे नेलात? शोधून शोधून पाय दुखले माझे."

"वर नेला," मानकरी म्हणाला. "मानासाठी."

"कोणाच्या मानासाठी?" कासवीनं विचारलं. मग तीच म्हणाली, "वाळू फार तापते रे आता. वाळू तापली की अंड्यांतून नुसत्या पोरी निघतात. माझ्या सगळ्या पोरीच झाल्या. पोरी मला नकोशा नाहीत, पण त्यांना नवरे कुठून आणू? उत्तरेकडून देवमासा आला होता. म्हणाला, तिकडचे बर्फाचे डोंगर पाझरतायत. ते पाणी इकडेच येणार, दुसरीकडे जाईल कुठे? तू मानकरी आहेस ना? मग बघतोस ते सांगत का नाहीस?"

"सांगेन," मानकरी म्हणाला. "यंदाच्या पुनवेला नक्की सांगेन."

त्याच्या मनात खरंच होतं. मी म्हटलं ना, भला माणूस होता.

पुनव आली. कातडी भाजेल असं ऊन होतं. तिवराच्या रानाच्या जागी आता नुसते खुंट उरले होते, त्यामुळे लाट अडवायला मध्ये काहीच नव्हतं. पाणी दगडावरून गेलं. मुखिया ढोलवाल्यांना घेऊन पुढे आला आणि म्हणाला, "जागा आता एकच आहे, मानकरी. आवडीच्या घराच्या मागे."

मानकरी जागच्या जागी थांबला. कारण गावाचा दुसरा नियम असा होता, की दगडाच्या खाली जे काही असेल ते समुद्राचं. तिथे कोणी घर बांधायचं नाही, कोणी हक्क सांगायचा नाही.

आता बोलायला हवं होतं. तोंड उघडायचं आणि तीन शब्द म्हणायचे, दर्यानं दगड ओलांडला. भट्ट्या विझल्या असत्या, उरलेल्या चिखलात तिवर लावता आलं असतं. पण सारं गाव त्याच्याकडे बघत होतं. आजवर इतकी वर्षं खोटं बोलत होतो, हे आता कोणत्या तोंडानं सांगायचं? त्याला लाज वाटली आणि त्या लाजेपायी त्यानं मान हलवली.

दगड लेकीच्या दारावरून वाजतगाजत गेला. आवडी कडेवर पोर घेऊन उंबऱ्यात उभी होती. तिनं बापाला हाक मारली.

"बाबा, मग आजपासून मी राहते कुठे? गावात की समुद्रात?"

"नुसती रीत आहे गं. तुझं घर आहे तिथेच आहे."

"घर आहे तिथेच आहे. पण दगड होता तिथे राहिला का?"

आवडी आत गेली आणि विहिरीचं पाणी तांब्यात घेऊन आली. "दमलात. पाणी घ्या."

त्यानं घोट घेतला आणि त्याचा चेहरा पडला. पाणी खारट होतं.

"हे कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून. तुम्ही गेले कित्येक दिवस दुपारचे आला नाहीत. दगडाची गडबड होती ना तुमची."

"आणि पोर काय पिते?"

"हेच पिते," आवडी म्हणाली. "वरच्या आळीतली विहीर आटली आहे. रात्री पोट दुखतं म्हणून रडते."

नातीनं आजोबाकडे हात पुढे केले. तिचे ओठ फुटलेले होते. मानकऱ्यानंही हात पुढे केला, पण ढोल थांबले होते आणि मुखिया वरून हाका मारत होता. पानं मांडून लोक खोळंबले होते. म्हाताऱ्यानं तांब्या खाली ठेवला, तोंड पुसलं, चढून दगडापाशी गेला आणि मोठ्यानं म्हणाला, "दर्या थांबला."

त्या दिवशी आवडी पंगतीला आली नाही.

पुढच्या पावसाळ्यात समुद्र तिच्या अंगणात शिरला आणि बाहेर निघालाच नाही. भिंती विरघळल्या. त्याआधीच्या दिवसांत ती एकटीच चिखलात उतरून तिवराची रोपं लावत होती. पण तिवर उथळ पाण्यात रुजतं, आणि पाणी आता खोल झालं होतं. आज लावलेलं रोप उद्या पालथं तरंगताना दिसायचं. तिनं बरेच दिवस लावून पाहिली, मग हात धुतले.

ती निघाली तेव्हा मानकरी टेकडीच्या पायथ्याशी उभा होता. जावयाच्या डोक्यावर गाठोडं होतं, तिच्या कडेवर पोर होतं.

"कुठे जाणार?" त्यानं विचारलं.

"गोडं पाणी मिळेल तिथे."

ती त्याच्या पाया पडली. आपल्याकडे घरातून निघताना लेक काय म्हणते, ते तुम्हाला ठाऊक आहे. कितीही दूर निघाली तरी ती येते म्हणते. परतायची आशा ठेवून निघावं म्हणून तसं म्हणतात.

आवडी म्हणाली, "जाते, बाबा."

आणि गेली. ती कुठे पोचली, तिचं पोर वाढलं की नाही, हे त्याला कधीच कळलं नाही.

बाकीचं गाव असंच एकेक घर करून उठलं. चुन्याचे ढीग भिजून गेले. राजाच्या पांढऱ्या शहरातही म्हणे लोक पाण्यासाठी रांगा लावून उभे राहिले, पण ती गोष्ट निराळी. दगड मात्र दर वर्षी चढत राहिला. वाहायला माणसं कमी पडू लागली, तसे ढोल बंद झाले. शेवटी मुखियाही गेला. मानकरी तेवढा राहिला, कारण मान त्याचा होता. दगड टेकडीच्या माथ्यावर पोचला. त्याच्यावर आता फक्त आभाळ होतं, आणि आभाळात दगड रोवता येत नाही.

एका सकाळी कासवी आली. टेकडीभोवती पोहत तिनं पुष्कळ फेऱ्या मारल्या. मग खडकाला पुढचे पाय टेकून ती म्हणाली, "दगड सापडला. वाळू कुठे आहे? माझ्या पोटात अंडी आहेत."

म्हाताऱ्यानं खाली बोट दाखवलं. खाली निळं पाणी होतं. त्याच्या तळाशी वाळू होती, विहीर होती, आवडीचा उंबरा होता.

लाटेचा एक फवारा दगडावर उडाला. मानकरी दगडाला धरून उभा राहिला आणि जन्मभर गिळलेले शब्द मोठ्यानं म्हणाला. "दर्यानं दगड ओलांडला."

ऐकायला कासवीशिवाय कोणी नव्हतं.

"केव्हा ओलांडला?" तिनं विचारलं.

"पहिल्यांदा ओलांडला तेव्हाच," म्हातारा म्हणाला आणि रडू लागला.

कासवी तशीच अंडी पोटात घेऊन पाण्यात वळली आणि दिसेनाशी झाली.

एवढंच सांगायचं होतं. संकटाची खूण मागे सरकवल्यानं संकट मागे सरत नाही, ते आपल्या लेकरांच्या अंगणात जाऊन बसतं.