पहिली सात मिनिटं

"...मग माझं डावं बोलत काबरं नाही, बुवा?"

विचारणारा भूषण नेहेते. जळगावला एका कंपनीत संगणकाचं काम बघणारा, आणि तीन वर्षं दर रविवारी स्कूटर दामटत तापीकाठच्या या मठात पखवाज शिकायला येणारा.

ज्यांना विचारलं ते नथूबुवा. वय ऐंशीच्या घरात, बोलणं मोजकं. बोटं मात्र अजून पंचविशीतली.

दगडूबुवांची पुण्यतिथी दोन दिवसांवर आली होती. दगडूबुवा म्हणजे नथूबुवांचे गुरू. त्या दिवशी मठात एकाच शिष्यानं वाजवायचं, असा रिवाज. यंदा कोण, ते बुवांनी अजून सांगितलं नव्हतं, आणि भूषणला आठवडाभर जेवण गोड लागत नव्हतं.

"उजवं कसं आहे माझं?"

"सुरेख."

"बोल?"

"स्वच्छ. लयही पक्की."

"आणि डावं?"



"पोत्यावर थाप मारल्यासारखं येतं," बुवा म्हणाले.

भूषणला ते झोंबलं. तो हुशार होता यात वाद नाही. पण ते त्याला स्वतःलाही पुरतं ठाऊक होतं, आणि माणसाचं घोडं बहुतेक वेळा तिथंच पेंड खातं.

"बुवा, मी काय कमी मेहनत घेतली? चारशे बारा व्हिडिओ डाउनलोड करून ठेवलेत. दगडूबुवांचाही आहे. तो तर आता इंटरनेटवर राह्यलाच नाही, टाकणाऱ्यानं काढून घेतला. तेवढा एक माझ्याकडे आहे. त्यातली परण न् परण मी हुबेहूब वाजवतो."

बुवांनी मान वर केली. गुरू जाऊन सव्वीस वर्षं झाली होती.

"दाखव."

भूषणनं सॅकमधून लॅपटॉप काढला, मांडीवर घेतला आणि ऐटीत 'दगडूबुवा' असं टाइप केलं.

काहीच सापडलं नाही.

'पखवाज' टाकलं. दुनियेतले सगळे पखवाजिये हजर झाले, दगडूबुवा सोडून. 'चौताल' टाकलं. तेच. इंग्रजी अक्षरांत टाकून पाहिलं, तेव्हा चुलतभावाच्या हळदीचा नाच तेवढा वर आला.

"आहे, बुवा... इथंच आहे."

"तू नाव काय ठेवलं होतं?"

"मी नाही ठेवलं. फाइल जे नाव घेऊन आली तेच राह्यलं."

"मग ती तुझ्या हाकेला ओ देईल काबरं?"

 परणी पाठ झाल्यावर भूषणनं ती फाइल पुन्हा उघडली नव्हती, आणि उन्हाळ्यात त्यानं नको त्या फाइली काढून लॅपटॉप साफ केला होता. त्यातच ही गेली असेल तर? सबंध जगात दुसरी प्रत नव्हती... आणि समोर हा म्हातारा माणूस डोळ्यांत प्राण आणून बसला होता.

"आणली कधी होती?" बुवांनी विचारलं.

"आठवत नाही."

"आठव."

"...पोळा होता त्या दिवशी. आई मातीच्या बैलांना नैवेद्य दाखवत होती, मला हाका मारत होती, आणि मी उठत नव्हतो. हीच फाइल उतरत होती."

"मग पोळ्याला जा."

भूषण बघतच राहिला. या माणसानं जन्मात संगणकाला बोट लावलं नव्हतं. मग भूषणनं मागल्या पोळ्याची तारीख काढली, सगळ्या फाइली तारखेनं लावल्या आणि खाली खाली गेला. त्या तारखेपाशी एकच फाइल होती. नावाच्या जागी नुसते आकडे, चांगले सतरा.

ज्या कामात कंपनीत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, ते बुवांनी तीन शब्दांत केलं होतं. भूषणला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त कौतुक वाटलं.

पहिल्या प्लेअरनं फाइल उघडायला नकार दिला. दुसऱ्यानं उघडली. पिवळट पडलेलं चित्र, कुठल्याशा गावचा मांडव, आणि मधोमध मांडी घालून बसलेले दगडूबुवा.

नथूबुवांनी हात जोडले.

तेवढ्यात भूषणचं बोट सवयीनं चित्राखालच्या रेघेवर गेलं आणि त्यानं ती पुढे ओढायला घेतली.

बुवांनी त्याच्या हातावर हात ठेवला.

"कुठं निघाला?"

"सातव्या मिनिटाला, बुवा. वादन तिथून सुरू होतं."

"आणि तोवर?"

"तोवर काही नाही. कणीक लावताहेत."

"कितीदा लावला हा व्हिडिओ?"

"शंभरदा तरी."

"शंभरदा सातव्या मिनिटापासून?"

भूषणनं रेघेवरचं बोट काढून घेतलं.

पखवाजाच्या डाव्या तोंडावर कणकेचा गोळा थापतात. दर वेळी नवा, आणि वाजवून झालं की खरवडून काढायचा. डाव्याचा तो खोल घुमारा त्या कणकेतून येतो. भूषणची आई सकाळी पोळ्यांची कणीक मळायची, त्यातलाच एक गोळा तो डब्यात घालून आणायचा आणि मिनिटभरात चिकटवून मोकळा व्हायचा. मठातली शिकवणी चारची. तो यायचा सव्वाचारला, कारण तोवर बुवा नुसती कणीक लावत बसतात हे त्याला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. बुवा त्याला उशिराबद्दल कधी एका शब्दानं बोलले नव्हते.

"मागे घे," बुवा म्हणाले.

भूषणनं रेघ पार सुरुवातीला नेली.

दगडूबुवांनी परातीत मूठभर पीठ घेतलं. बोटांनी पाणी शिंपडलं. मळलं... मळतच राहिले. मध्येच स्वतःच्या कानाची पाळी चिमटीत धरली, मग कणीक चिमटीत धरली, दोन्हींचा मऊपणा ताडून पाहिला, आणि आणखी दोन थेंब पाणी घातलं.

गोळा डाव्यावर थापला. थाप मारली. कान खाली नेऊन ऐकलं. पसंत पडलं नाही.

नखाएवढी कणीक काढली. पुन्हा थाप.

कडेनं ओलं बोट फिरवलं. पुन्हा.

मांडवातून कोणीतरी ओरडलं, "बुवा, चालू करा आता!" दगडूबुवांनी वर पाहिलंसुद्धा नाही. त्यांच्यापुरतं ते केव्हाच चालू झालं होतं.

नवव्या की दहाव्या थापेला डावं बोललं. लॅपटॉपच्या त्या चिमुकल्या आवाजातही ती थाप भूषणच्या छातीत उतरली. दगडूबुवा स्वतःशीच हसले, हरवलेलं वासरू संध्याकाळी आपण होऊन दारात आल्यावर घरधनी हसतो तसे.

नथूबुवांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुसायचं त्यांना भान नव्हतं.

भूषण आता लॅपटॉपकडे बघत नव्हता, बुवांकडे बघत होता. तीन वर्षांतले सगळे रविवार त्याच्या डोळ्यांपुढून गेले. प्रत्येक रविवारी चारच्या ठोक्याला हा माणूस परात घेऊन बसला असणार. अस्संच मळलं असणार, अस्सं कान लावून ऐकलं असणार... समोरच्या रिकाम्या आसनासाठी. इतकं मोठं माणूस आपल्या वाट्याला आलं आणि आपण त्याला दर आठवड्याला पंधरा मिनिटं चुकवत राहिलो, हे त्याला आत्ता उमगलं.

"बुवा... मला सांगितलं काबरं नाही?"

बुवा उठले. आतून परात आणली, पीठ आणलं, तांब्याभर पाणी आणलं आणि सगळं भूषणच्या पुढ्यात ठेवलं.

"परवासाठी हात बसव."

"परवासाठी? म्हणजे... मी?"

बुवांनी मान डोलावली.

भूषणनं वाकून पायांवर डोकं ठेवलं. मग परातीत हात घातला. पीठ कोरडं होतं. चार थेंब पाणी जास्त पडलं, चिखल झाला. त्यानं हात धुऊन नवं पीठ घेतलं. बुवा नुसते बघत राहिले.

लॅपटॉपवर दगडूबुवा ताठ बसले. मांडव चिडीचूप झाला. त्यांचे दोन्ही हात वर उचलले गेले, आता पहिला 'धा' पडणार...

नथूबुवांनी लॅपटॉपचं झाकण अलगद मिटवलं.

"बुवा! अहो, वादन तर आता सुरू होतंय!"

"ते तुला येतं," बुवा म्हणाले.