नागोपंत वकील आणि डोंगरातला राक्षस

एक होता राजा आणि त्याच्या राज्यात होती एकच नदी. एकदा काय झालं, डोंगरातल्या राक्षसाने ती नदीच रांजणात कोंडली. विहिरी आटल्या, गुरं हंबरायला लागली. राजा मनाने चांगला, पण भित्रा. राक्षसाचं नाव निघालं की पांघरूण ओढून घ्यायचा.

मग त्याने जासूद पाठवला. जासुदाचं काम पत्र पोचवायचं, एवढंच. राक्षसाने विचारलं, "नदी सोडली तर मला काय देणार?" जासूद म्हणाला, "ते मला काय ठाऊक?" राक्षसाने त्याला हाकललं.

मग राजाचा मेहुणा गेला, शालजोड्या घेऊन. राक्षस म्हणाला, "तुझं हो ते राजाचं हो, असं धरू का?" मेहुणा म्हणाला, "छे! विचारून सांगतो." तोही हात हलवत परत.

मग राजाने म्हाताऱ्या नागोपंतांना वकील नेमलं. आताचे वकील कोर्टात भांडतात, तसले नव्हेत, बरं का. तेव्हा वकील परक्या दरबारात जायचा तो राजाच्या जागी. त्याला दिलेला मान राजाला, त्याचा शब्द तो राजाचा शब्द. राजाने शिक्क्याचं पत्र दिलं. पंत निघाले. चढ चढून त्यांचे गुडघे भरून आले.

राक्षसाने स्वतःच्या पायाशी एक धोंडा दाखवला. "बसा."

पंतांना बसायचं फार होतं हो! पण राजा कुणाच्या पायाशी बसेल का? ते उभेच राहिले. दुपार झाली, ऊन कललं. शेवटी राक्षसच ओशाळला आणि त्याने आपल्या शेजारी घोंगडी अंथरली.

मग म्हणाला, "इतकी वर्षं खाली पंगती उठतात, वास इथवर येतो. मला कुणी बोलवत नाही. तुमच्या राजाने मला जेवायला बोलवावं आणि स्वतःच्या हाताने वाढावं."

पंतांना राजाचं ते पांघरूण आठवलं. राजा वाढणार? आणि नाही वाढलं तर नदी पुन्हा रांजणात. पण विचारायला जायचं, तर मग वकील कशाला? ते म्हणाले, "दिला शब्द."

राक्षसाने रांजण कलंडला. नदी खळाळत खाली गेली.

राजा मात्र संतापला. "मी वाढू? राक्षसाला? कुणी सांगितलं तुम्हाला कबूल करायला?"

पंत शांतपणे म्हणाले, "महाराज, कबूल मी नाही केलं. आपण केलंत."

राजाने आपल्या शिक्क्याकडे पाहिलं. मग त्याने निमंत्रणाच्या अक्षता पाठवल्या.

राक्षस आला, अंग चोरून पंगतीत बसला. राजा तुपाचं भांडं घेऊन पुढे झाला. हात असा थरथरत होता, की निम्मं तूप राक्षसाच्या मांडीवर सांडलं. सगळ्यांनी श्वास रोखले. राक्षसाने मांडीवरचं तूप बोटाने पुसून चाटलं आणि म्हणाला, "आणखी वाढा, महाराज."

राजाने वाढलं. या वेळी एक थेंब सांडला नाही.

नदी वाहती राहिली, माणसं सुखी झाली, राक्षसही झाला. आता तुम्ही मिटा डोळे.